खाली घेतलेली स्विफ्ट, कोकणातले रस्ते आणि १५ इंची चाकं

गेल्या गणपतीआधी छोट्या स्प्रिंगा टाकून गाडी इंचभर खाली घेतली, चाकं मात्र १५ इंचीच ठेवली. तेव्हापासून परतीचा पाऊस, दिवाळी, शिमगा सगळं याच सेटवर काढलंय. फिरणं बहुतेक रत्नागिरी-गणपतीपुळे, हातखंब्यापासून पुढे महामार्ग, आणि अधूनमधून आंबा घाटातून कोल्हापूर.

माझा टायर कंपनीचाच, १८५/६५ आर१५ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, रबराची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). बाहेरचा व्यास ६२१ मिमीच्या आसपास. १६ इंचीवर १९५/५५ घेतला तरी व्यास तेवढाच, १७ वर २०५/४५ घेतला तर उलट पाचेक मिमी कमी. म्हणजे रिम मोठी केली म्हणून गाडी उचलली जात नाही. कमी होते ती रबराची उंची: १५ ला १२०, १६ ला १०७, १७ ला फक्त ९२ मिमी. खाली घेतलेल्या गाडीत स्प्रिंगला दबायला आधीच जागा कमी, बंपस्टॉप (सस्पेन्शनचा प्रवास संपतो तिथला रबरी ठोकळा) लवकर लागतो, मग खड्ड्याचा उरलेला मार टायरनेच खायचा असतो. तिथे पातळ टायर चालत नाही, हे माझं ठाम मत.

मावसभावाच्या अशाच गाडीला १७ इंची आहेत. दिसतात झकास, वाद नाही. पण पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक आपटलं. बाहेरून रिमला साधा ओरखडाही नव्हता. चाक काढलं तेव्हा आतली कड वाकलेली दिसली आणि टायरच्या बगलेला अंड्याएवढा फुगा. बगलेचा फुगा दुरुस्त होत नाही, टायर टाकूनच द्यावा लागला.

घाटातल्या वळणांवर १६ इंची जास्त चपळ वाटेल, हे कबूल. १५ चा टायर किंचित कलतो, मग वळतो. बायको-मुलं गाडीत असताना मला ते चालतं.

वाडीतला जांभ्याचा चढ, साकवाची कड, गावातले उंच गतिरोधक यांना मात्र १५ इंचीचाही उपयोग नाही. तिथे चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) घासतो तो गाडीची उंची कमी असल्यामुळे. १५ वरच १९५/६५ टाकला तर व्यास १३ मिमीने वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, साडेसहा मिमी. शिवाय टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागायची भीती. टाकायचाच असेल तर मागे तिघांना बसवून, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. मी गतिरोधक तिरका घेतो, बंपर वाचतो.

समुद्राकाठच्या लोकांसाठी अजून एक. अलॉय रिमला टायर जिथे चिकटून बसतो त्या कडेवर खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरते आणि पंक्चर नसताना हवा उतरत राहते. पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून ती कड तारेच्या ब्रशने घासून घेतली, तेव्हा थांबलं.

गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवू नका. खड्ड्यात रिम आपटते ती त्यानेच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा, आणि तोही गाडी थंड असताना. बाहेरची रिम घेणार असाल तर ४×१०० पीसीडी (चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर) जुळला एवढ्यावर समाधान मानू नका, स्विफ्टच्या हबला मधलं भोक ५४.१ मिमी लागतं. मोठं असेल तर मधली फट भरणारी रिंग बसवून घ्या, नाहीतर महामार्गावर स्टेअरिंग थरथरेल.