अमिश साजाच्या दुकानांतला चामडी साज: कॉलर आधी, चकाकी नंतर

अमेरिकेतल्या छोट्या गावात साजाचं, म्हणजे घोडा जुंपायच्या पट्ट्या-कॉलरचं, दुकान लोहाराच्या भट्टीइतकंच गरजेचं होतं. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून तयार साज मिळू लागला, १९०८ मध्ये मॉडेल टी मोटार आली आणि पुढच्या काही दशकांत हा धंदा बहुतेक ठिकाणी बसला. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटी इथे मात्र अमिश, म्हणजे मोटारीसारख्या आधुनिक साधनांपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, शेतकरी अजून घोडे नि खेचरं जुंपतात, म्हणून तिथली दुकानं चालू आहेत. नांगराच्या जोडीसाठी तिथून साज घ्यायचा तर पारख कशी करायची, ते सांगतो.

सगळ्यात आधी कॉलर, म्हणजे घोड्याच्या मानेभोवती बसणारं जाड, भरीव कडं. घोडा ओझं ओढतो तो खांद्याने, आणि ते वजन कॉलरवर येतं. माप आतल्या बाजूने, वरपासून खालपर्यंत, इंचांत घेतात. कॉलर चढवून घोड्याची मान नेहमीच्या उंचीवर असताना खालच्या कडेला, श्वासनलिकेपाशी, सपाट पंजा सरकला पाहिजे. बाजूंना फक्त बोटांची टोकं. सैल कॉलर हलत राहते आणि खांदा सोलते, घट्ट कॉलर श्वास कोंडते. हंगामात घोडा वाळला की मानही बारीक होते, तेव्हा तीच कॉलर सैल पडते. म्हणून कॉलरखाली घालायची गादी सोबतच घ्यावी. कॅटलॉगचा साज नेमका इथेच उणा पडायचा: कागदावरून पाठवलेल्या मापाला खांद्याचा आकार कसा कळणार? गावातला साजवाला घोडा दारात उभा करून बघत असे, आणि आजही दुकान निवडताना मी हाच निकष सगळ्यात वर ठेवतो.

मग शिलाई. हाताच्या शिलाईत एकाच दोऱ्याला दोन सुया असतात आणि दोन्ही प्रत्येक भोकातून उलट दिशांनी जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिलाईत वरचा नि खालचा दोरा वेगळा. एक झिजला की शिवण उसवत जाते. यंत्राची शिलाई सरसकट वाईट नाही, पण पट्टा उलटा करून बघा. खालचा दोरा ताठ, सरळ रेषेत पडलेला दिसला, तर दोऱ्यांची गाठ कातड्याच्या मधोमध बसलेली नाही. टाके फार दाटही नकोत; जवळजवळ भोकं पडली की कातडं टपाल तिकिटासारखं फाटतं.

ओढपट्ट्या, म्हणजे कॉलरपासून मागे नांगरापर्यंत जाणारे दोन बाजूंचे पट्टे, जनावराच्या पाठीच्या कातड्याच्याच हव्यात. पोटाकडचं कातडं ताणतं, आणि दोन पट्ट्यांची लांबी वेगळी झाली की घोडा तिरका ओढतो. बकल पितळी किंवा स्टेनलेस घ्या. लोखंडाचा गंज आणि कातडं कमावताना त्यात मुरलेलं टॅनिन यांचा संयोग झाला की तिथलं कातडं काळं, ठिसूळ होतं, आणि नेमकी बकलाची घडीच आधी तुटते.

देखभाल सोपी आहे, पण रोजची. घाम सुकायच्या आत ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा) पातळ हात द्या. तेल जास्त झालं की पट्टे लिबलिबीत होऊन ताणतात.

हे सगळं जमणार नसेल तर लेप दिलेल्या पॉलिस्टरचे पट्टे घ्या, ते पाण्याने धुता येतात. कॉलर मात्र तेव्हाही घोडा सोबत नेऊनच बसवून घ्या.