जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सला ९० नंबरचं जीएल-४ तेल: तिन्ही ऋतू चालवून आलेला अनुभव

उजव्या पायाने गिअर टाकायची, चार गिअरची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या गाडीत तेलाच्या तीन जागा आहेत: इंजिन, क्लचची प्रायमरी (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीची पेटी) आणि गिअरबॉक्स. इंजिनात २०डब्ल्यू५० घालायचं यावर फारसं दुमत नाही. वाद होतो तो गिअरबॉक्सवरून. कोणी ग्रीस भरतं, कोणी ९० नंबर, कोणी इंजिनाचंच तेल ओततं, आणि प्रत्येकाचा मेस्त्री आपल्या मतावर ठाम.

माझी ३५० साताऱ्यात असते. रोज गावातली ये-जा, सुट्टीला पसरणी किंवा केळघर घाट. गाडी घेतली तेव्हा तिच्या गिअरबॉक्समध्ये चाकाच्या बेअरिंगला लावतात ते घट्ट ग्रीस ठासलेलं होतं. कव्हर उघडल्यावर त्याचा तोटा डोळ्यांनी दिसला. गिअर फिरतात तिथे ग्रीसमध्ये चर पडलेली, ग्रीस बाजूला सरून भिंतीला चिकटलेलं, आणि गिअरच्या दातांवर जेमतेम ओलावा. घट्ट ग्रीस एकदा बाजूला गेलं की परत वाहून येत नाही. गळती थांबते हे खरं, पण गिअर आणि बुश (शाफ्ट ज्यांत फिरतात त्या धातूच्या नळ्या) कोरडे चालतात. डिझेलने सगळं धुऊन काढलं आणि तेलावर आलो.

जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे. दुकानात ९० नंबर मागितलं की बहुतेक वेळा जीएल-५ पुढे करतात. ‘हे जास्त भारी’ असंही सांगतात. इथे हट्ट धरावा. जीएल-५ हे मुख्यतः गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरसाठी आहे. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत सरकतात, म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. बुलेटच्या गिअरबॉक्समध्ये हायपॉइड गिअर नाहीत, साधे सरळ दातांचे आहेत. उलट आत गनमेटलचे बुश आहेत, आणि तांब्याच्या मिश्रधातूंना हे गंधक मानवत नाही. म्हणजे जी ताकद वापरात येणारच नाही तिच्यासाठी बुश पणाला लावायचे. मी सर्वो गिअर एचपी ९० घेतलं, ते जीएल-४ आहे. त्याच कंपनीचं गिअर सुपर मात्र जीएल-५ आहे. नावं जवळची आहेत, म्हणून डब्यावरचं बारीक अक्षर वाचूनच पैसे द्या.

९० हा आकडा ऐकून अनेकांना वाटतं की हे तेल २०डब्ल्यू५० च्या दुप्पट घट्ट. तसं नाही. गिअर तेलाची आणि इंजिन तेलाची मोजपट्टी वेगवेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला दोन्हींचा घट्टपणा जवळपास सारखाच भरतो. त्यामुळे अडचणीच्या वेळी गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू५० घातलं तरी गाडी चालते. मी कायमचं घालणार नाही, कारण गिअरच्या दातांना लागणारी दाब सोसणारी द्रव्यं गिअर तेलात जास्त असतात.

आता प्रत्यक्ष वापर. उन्हाळ्यात गिअर पडणं फारच सुधारलं. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना पूर्वी जो खरखरीत अडथळा लागायचा तो गेला. हिवाळ्यात चित्र थोडं वेगळं. महाबळेश्वरला रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा गिअर सकाळी जड पडतो. हा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा आहे, त्याला इंजिनाची ऊब उशिरा मिळते, आणि नुसतं ९० थंडीत घट्ट होतं. थोडं अंतर गेलं की सुटतं. थंड भागात राहणाऱ्यांनी जीएल-४ मधलंच ८०डब्ल्यू९०, म्हणजे थंडीत कमी घट्ट होणारं तेल, शोधावं.

पहिल्यांदा तेल लवकर बदललं, तेव्हा त्यात सोनेरी चमक होती, म्हणजे बुशचा चुरा. पुढच्या वेळी ती जवळपास दिसली नाही. पावसाळ्यानंतर तेल दुधाळ झालंय का तेही पाहिलं, कारण किकच्या शाफ्टकडून पाणी शिरू शकतं. तेल स्वच्छ निघालं.

गळतीबद्दल मात्र सांगायलाच हवं. ग्रीसवरून तेलावर आलात तर गाडी टपकणार. पुढच्या स्प्रॉकेटमागून, मेनशाफ्ट आणि त्यावरच्या स्लीव्ह गिअरच्या मधून तेल येतं, आणि ते आयुष्यभर तसंच येत आलंय. माझ्या गाडीखाली रोज सकाळी डाग पडायचा. त्यावर उपाय म्हणून ००  ग्रेडचं ग्रीस थोडं तेलात मिसळलं. हे ग्रीस आमरसासारखं वाहतं, चर पाडून बसत नाही. बुलेटवाल्यांमध्ये ही पद्धत जुनी आहे. ईपी ०० असं मागा, नाहीतर हातात पुन्हा बेअरिंगचा डबा येतो. मिसळल्यापासून डाग अगदी लहान झाला आणि गिअर पडण्यात फरक जाणवला नाही.

मेनशाफ्ट पोकळ आहे, क्लचचा रॉड त्यातून जातो. गिअरबॉक्समधलं तेल त्या वाटेने प्रायमरीत सरकू शकतं. प्रायमरीत तेल आपोआप वाढलेलं दिसलं आणि क्लच घसरायला लागला, तर क्लच प्लेटींवर खर्च करण्याआधी हे तपासा. प्रायमरीत मी पॉवर स्टीअरिंगला वापरतात ते एटीएफ घालतो. पातळ असल्यामुळे सकाळी प्लेटी चिकटत नाहीत, पहिला गिअर धाडकन पडत नाही. फक्त प्रायमरीचं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, तो जोर लावून आवळला की कव्हर वाकतं आणि एटीएफ सगळीकडून झिरपतं. रबर नवं टाकून बेताने आवळावा.

तेल बदलून एक गोष्ट सुधारली नाही: तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये कधीकधी लागणारा खोटा न्यूट्रल, म्हणजे गिअर न बसता मध्येच सुटणं. तो रॅचेटच्या (पायाने गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगचा प्रश्न होता. बाहेरचं कव्हर काढून रॅचेटची प्लेट किंचित सरकवली, तेव्हा गेला. अशा तक्रारीवर महागडं तेल विकत घेऊ नका.

आणि यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनाच्या क्लासिक, इलेक्ट्रावाल्यांनी यातलं काहीही करू नये. त्यांच्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल आहे, १५डब्ल्यू५०, जासो एमए (तेलात भिजलेल्या क्लचला चालणारा दर्जा). त्यात गिअर तेल गेलं तर ते थेट इंजिनात फिरणार.