झाडं विकण्याआधी पाण्याची चौकशी करणारं दुकान

रत्नागिरीत माशांची दुकानं पुष्कळ (खायचे मासे सोडून म्हणतेय), पण टाकीतली जिवंत झाडं धड ठेवणारं मला हे एकच सापडलं. मारुती मंदिरच्या बाजूला एका गल्लीत आहे. बाकी ठिकाणी झाडं म्हणजे प्लास्टिकची, नाहीतर कोपऱ्यात तरंगणाऱ्या पिवळ्या काड्या. इथे झाडांना वेगळ्या टाक्या आहेत, वर लाइटही बेताचा.

काका आधी टाकी केवढी ते विचारतात, मग पाणी कुठलं. माझी दोन फुटी, साधारण 50 लिटरची, पाणी घरच्या विहिरीचं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, चुना कमी. ते म्हणाले, क्रिप्टो (क्रिप्टोकोरिन) आणि जावा फर्न न्या, दोन्ही पाण्यातली झाडं. मला डोळ्यांत भरली होती लाल पानांची रोटाला.

“टाकीत कार्बन डायऑक्साइड गॅस सोडणार आहात?”

“नाही.”

“मग लाल राहायची नाही, ताई. हिरवी पडेल, लांबुडकी होईल. कशाला पैसे घालवता?”

शेवटपर्यंत दिली नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार, तोही आपल्याकडे!

क्रिप्टोची पानं विरघळतील, उपटून टाकू नका, हे त्यांनी पिशवी बांधतानाच सांगितलं. नर्सरीत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. झालंही तसंच. पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग बोट लावताच सुटायला लागली. सडकी तेवढी कात्रीने कापली, मुळांना हात लावला नाही. मधून नवी पानं आली ती अरुंद, तपकिरी, कडेला नागमोडी. अनुबियास हे जाड पानांचं झाड त्यांनी दगडाला काळ्या दोऱ्याने बांधूनच दिलं, कारण त्याचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो.

माझ्या पुढे एक मुलगा होता, किनाऱ्यावरची वाळू धुऊन टाकीत घालू का विचारत होता. नमुना खिशातच होता त्याच्या. काकांनी चिमूटभर बशीत घेतली, वर लिंबू पिळलं. बारीक फस्स झालं. “शिंपले आहेत यात. पाणी जड होत जाईल.” त्याला नदीची जाड वाळू घ्यायला सांगितली. स्वतःकडची पाकिटं मागे रचलेली असताना, हे विशेष.

मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या मिळतात, ठीक आहेत. गंमत अशी की परदेशात एके काळी याच कामासाठी, लोह मिळावं म्हणून, जांभ्यासारखी लाल माती पाकिटातून विकत. इथे पायाखाली सगळा जांभाच, आणि आम्ही गोळ्या आणतो.

आता तक्रारी. पातळ खत मोठ्या कॅनमधून साध्या बाटलीत ओतून देतात; लेबल नाही, आत काय आहे कळायला मार्ग नाही, “आठवड्याला झाकणभर” एवढंच. माझ्या जावा फर्नच्या जुन्या पानांना भोकं पडायला लागली, म्हणजे पोटॅशियम कमी असावं, पण बाटलीत ते आहे की नाही कोण सांगणार? दुसरं, टायमर. फिरत्या तबकडीचा विकतात. लाइट सात तास ठेवायला सोयीचा, पण वीज गेली की तबकडीही थांबते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते सांगायला नको. आमची टाकी रात्री साडेदहाला उजळायची. बॅटरीवाला डिजिटल दुसरीकडून घ्या.

झाडांबरोबर गोगलगायी फुकट येतात. घरी आणल्यावर आधी बादलीत वेगळी ठेवा, पानांच्या मागची जेलीसारखी अंडी पुसून काढा, मगच टाकीत.

भाव थोडे चढे आहेत, अनुबियासचे तर जास्तच. दुपारी 1 ते 4 दुकान बंद. भर पावसात माल जवळजवळ येतच नाही, पार्सलमध्ये कुजतो म्हणतात. एरवी गुरुवारी येतो. संध्याकाळी गेलात तर निवडायला मिळतं, शनिवारी उरलंसुरलं.