१० इंची ई-रीडर घेतला, तरी कोर्टनाक्याचा झेरॉक्सवाला अजून ओळख देतो

आधीच सांगते, हा रीडर मी कादंबऱ्या वाचायला घेतला नाहीये. त्यासाठी माझ्याकडे ६ इंची जुना किंडल आहे, कोपरा उडालेला, आणि तो अजून मस्त चालतो. मोठा घेतला तो कोर्टाच्या कागदांसाठी. ठाण्यात प्रॅक्टिस, महिन्यातून दोन-तीनदा हायकोर्ट, अधूनमधून बेलापूर, आणि कुठलीही फाइल उघडा दीडशे-दोनशे पानं ठरलेली. खांदा गेलेला माझा अक्षरशः. डॉक्टर म्हणाले बॅग हलकी करा, मी म्हटलं डॉक्टर हे जरा माझ्या अशिलांना सांगा.

घरी सगळ्यांचं म्हणणं, एवढे चाळीस हजार घालतेस तर सरळ टॅब घे ना. टॅब होता की. रात्री अकरानंतर त्यावर निकाल वाचायला घेतला की पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरतात आणि विसाव्या मिनिटाला मी व्हॉट्सॲपवर असते. ई-इंकचं तसं नाही. आत बारीक बारीक कुप्या, त्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण, करंट दिला की जे वर येतात ते दिसतात, आणि एकदा पान उमटलं की ते तसंच राहतं, त्याला बॅटरी लागत नाही. लाइटही मागून डोळ्यात येत नाही, कडेने पडद्यावर पडतो. कागदासारखंच आहे असं जाहिरातीत म्हणतात तेवढं काही नाही, कागद जास्त पांढरा असतो, पण तीन तास सलग वाचून डोकं शाबूत राहतं हे खरं.

आता साइजचं बोलते, कारण सगळी गंमत तिथेच आहे आणि दुकानदार हे कोणी सांगत नाही. १०.३ इंच म्हणजे ए-फाइव्ह, ए-फोरच्या बरोबर अर्धा कागद. म्हणजे ए-फोरची पीडीएफ तशीच उघडली की सगळं ७० टक्क्यांवर येतं, १२ चा टाइप साडेआठचा होतो. चाळिशी लागलेल्या माणसाने विचार करावा. पण आमच्या धंद्यात एक फायदा आहे. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तिथे दाखल होणाऱ्या कागदांसाठी ए-फोर, पाठपोट छपाई, १४ चा फॉन्ट, ओळींत दीडपट अंतर आणि डावी-उजवीकडे चार-चार सेंटिमीटर मार्जिन असं ठरवून दिलं. तशी पीडीएफ घ्यायची, रीडरमध्ये मार्जिन क्रॉप करायचं, की १४ चा टाइप साडेअकराच्या आसपास दिसतो, चष्म्याशिवाय नाही पण आरामात. पहिल्या दिवशी हे जमलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळी वाजवली.

मग जिल्हा कोर्टाची फाइल उघडली आणि सगळं उतरलं.

आपल्याकडे खालच्या कोर्टात अजून लीगल साइज कागद आणि हिरवा लेजर पेपर खूप दिसतो. लीगल म्हणजे १४ इंच लांब, तो या पडद्यावर बसवायचा तर ६० टक्क्यांच्याही खाली जातो, १२ चा टाइप ७ चा. त्यात तो हिरवा कागद ज्युनियरने मोबाइलवर स्कॅन केलेला, म्हणजे पडद्यावर राखाडीवर राखाडी, वर मागच्या बाजूचा स्टॅम्प उमटलेला. जुने हस्तलिखित फेरफार आणि सातबारा तर विसराच. कॉन्ट्रास्ट फुल्ल करून बघितला, अक्षर ठळक होतं पण त्याच्याबरोबर कागदाचा डागन् डागपण ठळक होतो. यावर उपाय एकच सापडला, स्कॅन करतानाच ब्लॅक ॲन्ड व्हाइट करायचं, ग्रे नाही, आणि रीडर आडवा धरून अर्धं अर्धं पान वाचायचं. जमतं पण कटकट आहे. तुमचं काम मुख्यतः लीगल साइजचं असेल तर १०.३ च्या भानगडीत पडू नका, १३.३ इंची मिळतात, ते ए-फोरच्या जवळ जातात, पण किंमतही वर जाते आणि ते हातात धरून वाचायचं यंत्र राहत नाही, टेबलावर ठेवायचं यंत्र बनतं.

दुसरा दोष माझ्या मते सगळ्यात मोठा, आणि त्यात माझी चारचौघात शोभा झालीय म्हणून जरा विस्ताराने लिहिते. कागदाची फाइल असली की आपण एक बोट कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात ठेवतो, दुसरं उलटतपासात, आणि अंगठ्याने दाव्याचं पान उघडतो. हे आपल्याला येतं हेच आपल्याला माहीत नसतं, रीडर हातात घेतल्यावर कळतं. पुढचं पान, पुढचं पान असं सलग वाचायला हे यंत्र उत्तम, पण इकडून तिकडे उड्या मारायला मंद. एका तारखेला जजसाहेबांनी विचारलं, मॅडम, हे साक्षीदाराने कुठे कबूल केलंय? मला पान पाठ होतं, १४८. पडद्यावर टॅप, मेन्यू, नंबर टाइप, पडदा एकदा काळा झाला, एकदा पांढरा, मग १४ नंबरचं पान आलं कारण आठाचा टॅप लागलाच नाही. परत पहिल्यापासून. तोवर समोरच्या वकिलांनी शांतपणे आपल्या गठ्ठ्यातून पान काढून पुढे केलं, वर हसून. त्या दिवसापासून महत्त्वाच्या पानांना आधी बुकमार्क करते आणि तरी ती दहा पानं झेरॉक्स करून पर्समध्ये ठेवते.

पडद्यावर लिहायच्या पेनाबद्दल मात्र तक्रार शून्य. माझ्या पेनाला चार्जिंग लागत नाही, पडद्यातूनच त्याला पॉवर मिळते, आणि टोक किंचित खरखरीत असल्यामुळे लिहिताना काचेवर घसरल्यासारखं वाटत नाही. मार्जिनमध्ये मराठीत खरडते, ‘हे खोटं आहे, तारीख बघ’ वगैरे, आणि ती पीडीएफ तशीच्या तशी एक्सपोर्ट करून ज्युनियरला पाठवते. टोक झिजतं, पाकिटात जादा टोकं मिळाली होती, त्यातली दोन संपली. पेन वेगळं विकत घ्यावं लागतं का हे घेण्याआधी नक्की बघा, काही मॉडेलला बॉक्समध्ये असतं, काहींना नसतं.

एक गोष्ट वकील म्हणून सांगायलाच हवी. यातली बरीच यंत्रं तुमच्या फाइल आणि नोट्स कंपनीच्या सर्व्हरवर सिंक करतात. सोयीचं आहे, पण अशिलाची कागदपत्रं कुठल्या देशातल्या कुठल्या कपाटात जाऊन पडतात हे मला माहीत नसेल तर मी ती टाकणार नाही. पहिल्याच दिवशी सिंक बंद केलं, वायफाय बंद, फाइली केबलने. डॉक्टर, सीए मंडळींनीही हे करावं.

मराठी वाचनासाठी कसा? इथे दोन वेगळी उत्तरं आहेत. साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, जुनी, दुकानात न मिळणारी, ती ६ इंचीवर वाचणं म्हणजे शिक्षा होती आणि इथे सुख आहे, पुस्तकाचं पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं. स्कॅन असल्यामुळे अक्षर मोठं करता येत नाही, शोधता येत नाही, पण तेवढं चालतं. ईपबचं, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येतं त्या ई-बुक फाइलचं, वेगळं. माझ्या रीडरच्या मूळ फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यातला तो अर्धा र फुटायचा, वाचताना दर ओळीत खडा लागल्यासारखं. मुक्ता फॉन्ट टाकला, प्रश्न संपला. फॉन्ट टाकायची सोय आहे का हे विचारल्याशिवाय मराठी माणसाने रीडर घेऊ नये, एवढं माझं ऐका.

लोकलचं विचारू नका. ४०० ग्रॅमच्या वर वजन, त्यात कव्हर. सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये उभं राहून एका हाताने धरता येत नाही, आणि तिघींच्या बाकावर चौथी म्हणून बसून उघडला तर तो शेजारणीच्या मांडीवरच जातो. एकदा एक काकू म्हणाल्यासुद्धा, अगं मलापण वाचता येतंय, जरा हळू पान उलट. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरला दुपारी गाडी रिकामी असते, तिथे नेरूळपर्यंत मजेत वाचते. पावसाळ्यात मात्र दोन पिशव्यांत गुंडाळून. माझ्या मॉडेलवर वॉटरप्रूफ कुठेच लिहिलेलं नाही, आणि बऱ्याच ई-इंक पडद्यांच्या मागे पातळ काच असते, बाहेरून ओरखडा नसला तरी बॅगेत दाब बसून आतली तडकते. कडक कव्हर पहिल्या दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी नाही.

बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते म्हणतात ती पुस्तकं वाचणाऱ्यांची. मी रोज दोन तास लिहिते, लाइट चालू, माझी सहा दिवस जाते. टॅबपेक्षा खूप बरी, जाहिरातीपेक्षा कमी.

रंगीत घ्यावा का असं ज्युनियर विचारत होती. मी दुकानात बघितला. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यात काळं-पांढरं ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके) असलं तरी रंग १५० वर येतो, आणि वर फिल्टर असल्यामुळे पडदा मुळातच काळपट दिसतो. नकाशे, मुलांची पुस्तकं असतील तर बघा. आम्हाला निळी सही आणि काळी सही यातला फरक सोडला तर रंग लागतो कुठे. रिमार्केबल २ पण बघितला, लिहायला छान, पण त्याला लाइटच नाही, रात्री दिवा लावून नवऱ्याची झोप घालवायची माझी तयारी नव्हती.

पैसे वसूल? आमच्याकडे झेरॉक्स २ रुपये पान. चाळीस हजार म्हणजे वीस हजार पानं. सहा महिन्यांत माझी साधारण पाच हजार वाचली असतील, म्हणजे अजून दीड वर्ष तरी तो टिकला पाहिजे, आणि खांद्याचे फिजिओथेरपीचे पैसे धरले तर आधीच फिटला म्हणायला हरकत नाही.

पुढच्या मंगळवारी हायकोर्टात तारीख आहे, अपिलाचं ३८० पानी पेपरबुक, म्हणजे केसच्या कागदांचा बांधलेला संच. सगळं रीडरमध्ये भरलंय, बुकमार्क झालेत, खुणा झाल्यात. आणि गठ्ठा ज्युनियरच्या बॅगेत आहे.