खसचं अत्तर, दोन वर्षांनंतर
नाशिकच्या भद्रकालीतल्या एका छोट्या दुकानातून दोन वर्षांपूर्वी खस (म्हणजे आपला वाळा) आणि मोगरा घेतलं होतं, तीन-तीन मिलीच्या बाटल्या. खस सुरुवातीला जरा कडवटच वाटायचं, बायको म्हणाली कूलरच्या ताट्या अंगाला बांधल्यात का, पण आता काय मुरलंय राव, गोडसर झालंय, सकाळी मनगटावर काडी फिरवली की संध्याकाळी गोदाघाटावर जाईपर्यंत वास येतो. मोगरा मात्र पार गंडला, जुन्या खोबरेल तेलासारखा वास मारतो. खिडकीत उन्हात ठेवला ही चूक माझीच, पण दुकानदाराने सांगायचं तरी ना! कन्नौजचं मिट्टी अत्तरपण (पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं) हुंगलं, चंदनतेलावर उतरवलेलं, भाव ऐकून बाटली परत ठेवली. आणि कपड्यांना लावू नका, माझा पांढरा कुर्ता गेला.