शिष्यवृत्ती राखीव ठेवायची की फक्त उत्पन्न पाहायचं?

गावच्या कॉलेजात आईवडिलांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवायची ठरली की पहिल्याच बैठकीत वाद होतो. ती आदिवासी, दलित, भटक्या मुलांसाठी राखीव ठेवायची, की जो गरीब त्याला द्यायची? दोन्ही बाजूंची माणसं तळमळीने बोलत असतात, म्हणून दोन्ही पर्याय व्यवहारात कसे चालतात ते पाहू.

उत्पन्नाचा निकष सरळ वाटतो. जात विचारायची नाही, तहसीलदारांचा दाखला बघायचा. चार घरचा स्वयंपाक करणाऱ्या, खुल्या प्रवर्गातल्या बाईची मुलगी यात बसते, आणि ती बसलीच पाहिजे. राखीव शिष्यवृत्ती तिला दारातूनच परत पाठवते, हा त्या पद्धतीवरचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

पण दाखल्याची गोम सगळ्यांना ठाऊक आहे. पगारदाराची पै न् पै कागदावर दिसते. दुकानदाराचं, बागायतदाराचं उत्पन्न दाखल्यावर लिहिलं जाईल तेवढंच. त्यात मर्यादा किती ठेवली यावर सगळं अवलंबून. राज्याच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला वार्षिक ८ लाखांपर्यंतचं उत्पन्न चालतं. अनुसूचित जातींच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. रायगडमधलं कातकरी आदिवासी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. त्या काळात पोरांची शाळा तुटते, आणि ही तूट कुठल्याच उत्पन्नाच्या दाखल्यावर येत नाही. हा मुलगा आणि ८ लाखांच्या घरातला मुलगा एकाच गुणवत्ता यादीत लावले, तर वर कोणाचं नाव येणार?

‘सर्वांना खुलं’ हा प्रयोग कोल्हापुरात होऊन गेला आहे. शाहू महाराजांनी आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढलं. तिथे जागा प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांनी भरल्या. मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहं उभी राहिली. आजही कितीतरी ज्ञातिसंस्था आपल्याच ज्ञातीतल्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात, त्यांना कोणी अन्यायी म्हणत नाही. मग आदिवासी मुलांसाठी पैसे बाजूला काढले की न्यायाचा प्रश्न तेवढा कसा उभा राहतो?

राखीव पद्धतीची खरी अडचण प्रवर्गाच्या आत आहे. अनुसूचित जमातींच्या एकाच यादीत वर्ग एकच्या अधिकाऱ्याची मुलगी असते आणि कोलाम वस्तीवरची पहिली दहावी पास मुलगीही. नुसतं ‘एसटी’ लिहिलंत तर पैसे बहुधा अधिकाऱ्याच्या मुलीकडे जातील. दुसरा अडसर कागदांचा. ज्याच्या घरात कोणी शाळेतच गेलं नाही, त्याने १९५० च्या आधीचा पुरावा आणायचा कुठून? जातीच्या दाखल्यालाच तो अडतो, म्हणजे ज्याच्यासाठी योजना, तोच बाहेर.

म्हणून माझं मत राखीव ठेवण्याच्या बाजूने आहे, पण आत उत्पन्नाची मर्यादा घालून, आणि घरातलं कॉलेजला जाणारं पहिलंच मूल असेल तर त्याला प्राधान्य देऊन. खाजगी देणगीला जात वैधता प्रमाणपत्राचा हट्ट कशाला हवा? मुख्याध्यापकांचं पत्र आणि घरी एक भेट पुरते. खुल्या प्रवर्गातल्या त्या स्वयंपाकवाल्या बाईच्या मुलीसाठी, निधी असेल तर, दुसरी छोटी शिष्यवृत्ती वेगळी ठेवावी. तिला आणि आदिवासी वस्तीवरच्या मुलीला एका जागेसाठी भांडायला लावू नये.

आणि रक्कम फीवर घालवू नका. फी बऱ्याचदा सरकारी योजनेतून मिळते, पण महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे खात्यावर येईपर्यंत वर्ष सरायला येतं. तोवर खोलीचं भाडं, मेस आणि एसटी बसचा पास कोण भरणार? तुमचे पैसे जूनमध्येच मुलाच्या हातात पडतील असं नियमातच लिहा.