रुंद टायर मागायला गेले होते

माझी 2016 ची स्विफ्ट. मी फिजिओथेरपिस्ट, घर कराडला, मंगळवार-शुक्रवारचे पेशंट चिपळूणला. म्हणजे आठवड्यातून चारदा कुंभार्ली घाट, भर पावसाळ्यातसुद्धा.

मागच्या ऑगस्टमध्ये पाटणच्या अलीकडे साचलेल्या पाण्यात गाडी शिरली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. दोन सेकंद असेल, पण पोटात गोळा आला. घरी सगळ्यांचं एकच मत पडलं: टायर रुंद टाक, पकड वाढेल. गाडीला मुळात 165/80 आर14 आहेत. 185/70 घ्यायचं ठरवूनच कराडच्या या दुकानात गेले.

मालकांनी आधी टायर दाखवलेच नाहीत. "ताई, गाडी फिरते कुठं?" घाट म्हटल्यावर विचारलं, रात्रीची असते का, मागं माणसं किती बसतात. मग खाली बसून पुढच्या टायरच्या खाचेत बोट घातलं. खाचेच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, 1.6 मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. माझे पुढचे दोन्ही तिथवर आले होते, बाहेरची कड तर पार गोटा.

"पाण्यात रुंद टायर उलट लवकर तरंगतो. तुमचा अरुंदच बरा, पाणी कापत जातो. तुम्हाला नडली ती रुंदी नाही, खाच." वर स्टिअरिंग जड होईल, पेट्रोलही जास्त लागेल. गिऱ्हाईक महागाचं मागतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

मागच्या टायरवरचा चार आकडी नंबर त्यांनी वाचून दाखवला: 2322, म्हणजे 2022 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ते अजून चालतील म्हणाले. चारही विकता आले असते, दोनच दिले. आणि नवे दोन मागे लावले! मी भांडलेच, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर ना? त्यांचं म्हणणं, पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतं. मागचं घसरलं तर गाडी फिरते, मग हातात काही राहत नाही. आधीचे मागचे टायर पुढे गेले. चाकं आलटून-पालटून लावायला हवी होती, ती मी कधीच लावली नव्हती. पुढची जोडी लवकर गेली ती त्यामुळंच.

आता तक्रारी. बसायला एक मोडका बाक. अलाइनमेंटला अडीच तास, कारण मशीनवर एकच मुलगा. त्याच मुलानं दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा पाच पॉइंट जास्त हवा भरली, मी घरी गेजनं तपासली म्हणून कळलं. नायट्रोजनचा आग्रहही झाला. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो म्हटल्यावर मालक हसले आणि साधी हवा भरली.

दोन टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून साडेनऊ हजार. गेल्या शुक्रवारी कोयनानगरच्या पुढं धो-धो पाऊस आणि समोर एसटी. वळणावर ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा. अकरानंतर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते.